नोंदवहीत नसलेली मुलं

कॅनडाला येण्याआधी कागदपत्रं जमवत होते, तेव्हा स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, दाखल्यासाठी वसईतल्या आमच्या चर्चच्या कार्यालयात गेले. तिथल्या काकांनी कपाटातून जाड वही काढली, ओळींवरून बोट फिरवत माझ्या नावापाशी आले आणि दाखला लिहायला घेतला. माझी उत्सुकता बघून त्यांनी आणखी एक जुनी वही टेबलावर ठेवली. तीत माझी आजी सापडली. आईवडिलांची नावं, धर्मपिता, धर्ममाता, आळी, तारीख आणि खाली फादरांची सही. आजी कधी शाळेत गेली नव्हती, सरकारदरबारी तिच्या जन्माचा कागद नव्हता. चर्चच्या वहीत मात्र ती होती. मग काकांनी मयतांची वही उघडली. तिथे आजीचा एक भाऊ निघाला, आठ दिवसांचा. त्याच्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. त्या आठ दिवसांच्या जिवालाही नाव होतं, बापाचं नाव होतं आणि कुठे पुरलं तेही लिहिलेलं होतं.

ते बाळ मला पुन्हा आठवलं, ते कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल वाचताना. इथल्या आदिवासी मुलांसाठी चर्चने आणि सरकारने मिळून चालवलेल्या निवासी शाळांची चौकशी या आयोगाने केली आणि २०१५ मध्ये अंतिम अहवाल दिला. शाळेच्या ताब्यात असताना दगावलेल्या ३,२०० मुलांच्या नोंदी तोवर आयोगाच्या हाती लागल्या होत्या. त्यातल्या ३२ टक्के मृत्यूंच्या नोंदीत मुलाचं नाव नाही. शाळेने लिहिलं नाही, सरकारनेही लिहिलं नाही. २३ टक्के नोंदींत मुलगा होता की मुलगी हेदेखील नाही. जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४९ टक्के, नोंदींत मूल कशाने गेलं ते नाही.

या सगळ्याच शाळा कॅथलिक नव्हत्या. काही अँग्लिकन होत्या, काही युनायटेड आणि प्रेस्बिटेरियन चर्चच्या. पण निम्म्याहून अधिक कॅथलिक धर्मसंघांकडे होत्या आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा ओब्लेट धर्मसंघाचा होता. मी कॅथलिक आहे. रविवारी मिस्साला जाते, घरात रोजरी होते, मुलांचे संस्कार याच चर्चमध्ये झाले. म्हणूनच या प्रश्नावर गप्प बसणं मला जमत नाही. ज्या चर्चने वसईतल्या एका निरक्षर बाईच्या आठ दिवसांच्या भावाचं नाव जपलं, त्याच चर्चच्या शाळेत दहा वर्षांचं मूल मरतं आणि वहीत नुसता एक आकडा चढतो, हे कसं झालं? आणि आता त्या मुलांचं स्मरण कसं करायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर आधीच सांगते. मेलेल्यांचे आकडे मोजणं पुरेसं नाही, आणि नाव कमावलेल्यांचे फोटो भिंतीवर लावणंही पुरेसं नाही. या शाळांत गेलेल्या प्रत्येक मुलाला त्याचं पूर्ण आयुष्य परत मिळालं पाहिजे: त्याचं नाव, त्याची भाषा, तो काय खेळायचा, कशाला घाबरायचा, पुढे जगला असेल तर काय झाला. ते आयुष्य कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच, त्याच्या मागे त्याच्या माणसांचा.

या शाळा काय होत्या, ते थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलं या शाळांतून गेली. १९२० मध्ये कॅनडाच्या आदिवासींसाठीच्या ‘इंडियन ॲक्ट’ या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ७ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवायची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुलांचे केस कापत, घरचे कपडे काढून घेत, अंगावर नंबर घालत, आपल्या भाषेत बोललं तर मारत. अनुदान डोईमागे मिळायचं, म्हणून आजारी मूलही भरती व्हायचं, आणि क्षय एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचा. १९०७ मध्ये सरकारच्याच डॉ. पीटर ब्राइस यांनी पश्चिमेकडच्या शाळांची पाहणी केली. १५ शाळांनी माहिती दिली. त्यांच्या १,५३७ विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मुलं मेली होती. ब्राइस यांनी सुचवलेल्या सुधारणा सरकारने बाजूला ठेवल्या. निवृत्तीनंतर, १९२२ मध्ये, त्यांनी ही हकिगत स्वतः छापून लोकांपुढे मांडली. म्हणजे कुणाला ठाऊकच नव्हतं, असं म्हणायला जागा उरत नाही.

मूल मेलं की त्याला घरी पाठवण्याचा खर्च सरकार सहसा करत नसे. शाळेच्याच दफनभूमीत पुरत. कित्येक आईबापांना बातमी उशिरा कळायची, कित्येकांना कळायचीच नाही. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळं गाव दफनभूमीत जमतं. थडगी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, फादर एकेका थडग्यावर पवित्र पाणी शिंपडतात. ज्या आईला आपल्या मुलाचं थडगं कुठे आहे हेच ठाऊक नाही, तिने २ नोव्हेंबरला कुठे जायचं? कॅथलिक माणसाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९३७ सालच्या पहिल्या दिवशी ब्रिटिश कोलंबियातल्या लेजॅक इथल्या कॅथलिक निवासी शाळेतून चार मुलं घरी जायला निघाली. सात ते नऊ वर्षांची. गोठलेलं फ्रेझर सरोवर ओलांडलं की पलीकडे नाडले, त्यांची वस्ती. थंडी उणे तीसच्या आसपास होती आणि अंगावर पुरेसे कपडे नव्हते. मुलं नाहीत हे कळूनही शाळेने त्या रात्री शोध सुरू केला नाही. दुसऱ्या दिवशी चौघं बर्फावर सापडली, गोठलेली, गावापासून फार दूर नाहीत. ॲलन विली, अँड्र्यू पॉल, मॉरिस जस्टिन, जॉनी मायकेल. मृत्यूची चौकशी झाली, पंचांनी शाळेच्या दिरंगाईवर बोट ठेवलं, अतिरेकी मारहाणीला आळा घाला असंही सुचवलं. ही चार नावं आज आपल्याला माहीत आहेत, कारण चौकशी झाली. जी मुलं खाटेवर खोकून खोकून गेली, त्यांच्यासाठी कुणी पंच बोलावले नाहीत.

ही चौघं पळाली नव्हती, ती घरी चालली होती, असं मला वाटतं. शाळेच्या कागदांत मात्र अशा मुलांसाठी ‘पळपुटी’ हाच शब्द असायचा. स्मरण करायचं तर असे शब्दही तपासून घ्यावे लागतात.

मे २०२१ मध्ये कॅमलूप्सची बातमी जगभर गेली. ब्रिटिश कोलंबियातली कॅमलूप्सची निवासी शाळा १८९० मध्ये सुरू झाली, पुढे ओब्लेटांकडे आली, आणि १९५० च्या दशकात तिथे पाचशेच्या आसपास मुलं होती. देशातली ती सर्वांत मोठी निवासी शाळा. १९६९ मध्ये सरकारने ती स्वतःकडे घेतली आणि १९७८ मध्ये बंद केली. तिथल्या सेक्वेपेम्क लोकांनी जमिनीखाली पाहणाऱ्या रडारने शोध घेतला आणि २१५ मुलांची दफनं असावीत असं जाहीर केलं. पुढे संशोधकांनी ही संख्या २०० ‘संभाव्य’ थडगी अशी दुरुस्त केली. झेंडे अर्ध्यावर आले, चर्चच्या पायऱ्यांवर लहान मुलांचे बूट मांडले गेले. आणि काही महिन्यांत उलटा सूर सुरू झाला. खोदलं का? सांगाडे कुठे आहेत? २०२३ मध्ये, अशाच रडारशोधानंतर, मॅनिटोबातल्या पाइन क्रीक इथे चर्चच्या तळघरात प्रत्यक्ष उत्खनन झालं, मानवी अवशेष मिळाले नाहीत, तेव्हा हा सूर आणखी चढला. सगळंच खोटं होतं म्हणे.

या वादात दोन्हीकडच्या माणसांनी आकड्याला फार मोठं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. रडारला हाडं दिसत नाहीत, माती हललेली दिसते. ते ‘संभाव्य’च असतं, आणि ते तसंच सांगायला हवं होतं. घाईने ‘सामूहिक कबर’ लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्या जमातीवर अन्यायच केला, कारण जमातीने तो शब्द वापरला नव्हता. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं तर त्याहून पोकळ आहे. ३,२०० मृत्यूंची माहिती रडारमधून आलेली नाही. ती शाळांच्या, सरकारच्या आणि चर्चच्याच कागदांतून आली आहे, कॅमलूप्सच्या सहा वर्षं आधी. त्यानंतर ही यादी चार हजारांवर गेली, तीही कागदांवरूनच. कॅमलूप्सपुरतं बोलायचं तर रडारची बातमी आली तेव्हा राष्ट्रीय सत्य व सलोखा केंद्राच्या यादीत त्या शाळेत दगावलेल्या ५१ मुलांच्या नोंदी होत्या. एकही फावडं न मारता एक्कावन्न. ज्याला दफनं २१५ की २०० यावरच भांडायचं आहे, त्याने आधी या ५१ जणांबद्दल बोलावं.

मेलेल्यांइतकंच जगलेल्यांबद्दलही बोलायला हवं. दीड लाखांतली बहुतेक मुलं जगली. त्यांचं स्मरण म्हणजे काय?

फ्रेड सॅसकमूसची गोष्ट मला फार दिवस सोडत नाही. १९३३ च्या नाताळच्या दिवशी सस्कॅचवानमध्ये जन्मलेला हा क्री जमातीचा मुलगा. लहानपणीच त्याला भावासोबत डक लेकच्या सेंट मायकेल्स या कॅथलिक निवासी शाळेत नेलं. तिथे एका फादरने त्याच्यातला खेळाडू ओळखला आणि त्याला आइस हॉकी शिकवली. १९५३-५४ च्या हंगामात तो शिकागो ब्लॅक हॉक्सकडून अकरा सामने खेळला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगमध्ये पोचलेल्या अगदी पहिल्या आदिवासी खेळाडूंपैकी तो एक. याच शाळेत त्याला मारहाण झाली, लैंगिक अत्याचार सोसावे लागले, आणि हे त्याने म्हातारपणी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पुढे तो आपल्या जमातीचा प्रमुख झाला, दारूतून बाहेर आला, शेकडो पोरांना खेळाकडे वळवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेला.

आता याला शाळेचं यश म्हणायचं की शाळेचा बळी? दोन्हीपैकी काहीही म्हटलं, तरी अर्धा फ्रेड सॅसकमूस हातातून निसटतो. एखाद्या साध्या बोर्डिंग शाळेने माजी विद्यार्थ्याचा मृत्युलेख छापला असता, तर अकरा सामने मोठ्या अक्षरांत आले असते. अत्याचारांच्या यादीत त्याचं नाव घातलं, तर बर्फावर घसरत जाणारा, आनंदाने ओरडणारा तो पोरगा हरवतो. त्याने स्वतः दोन्ही सांगितलं. आपणही तसंच सांगावं.

बेसिल जॉन्स्टन ऑन्टारिओतल्या स्पॅनिश या गावच्या शाळेत शिकले. ही शाळा येशूसंघी फादरांची. जॉन्स्टन पुढे टोरंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियममध्ये होते. आपल्या आनिशिनाबे लोकांच्या कथा आणि शब्द गोळा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. २०१५ मध्ये ते वारले. शाळेतल्या दिवसांबद्दल त्यांनी लिहिलं, त्यात मुलांची भूक आहे, घरची आठवण आहे आणि मुलांच्या खोड्याही आहेत. आपल्याला पुसायला निघालेल्या जागेत मुलं एकमेकांना हसवत होती, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. ज्या भाषेसाठी तिथे मार मिळायचा, त्याच भाषेचा अभ्यास त्यांनी हयातभर केला.

अल्बर्टातल्या ब्लू क्विल्सच्या निवासी शाळेत शिकलेले डेने जमातीचे चित्रकार ॲलेक्स जॅनव्हिअर एकेकाळी आपल्या चित्रांवर नावाऐवजी २८७ हा आकडा घालत. सरकारी यादीतला तो त्यांचा नंबर. कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्ट्रीचा घुमट त्यांनी रंगवला आहे. २०२४ मध्ये ते गेले. आणि ती ब्लू क्विल्सची शाळा? १९७० च्या उन्हाळ्यात सरकार ती बंद करायला निघालं, तेव्हा आईबापांनी इमारतीत ठिय्या दिला. कित्येक दिवस हलले नाहीत, आणि शाळा आदिवासींच्या ताब्यात आली. आज तिथे त्यांचंच विद्यापीठ आहे. ज्या दारातून आईच्या हातातून मूल ओढून नेलं, त्याच दारातून आज तिची नात स्वतःची भाषा शिकायला आत जाते.

अशी उदाहरणं दिली की लगेच कुणीतरी म्हणतं: बघा, शाळा इतक्या वाईट नव्हत्या. आमच्या कॅथलिक मंडळींतही हे ऐकू येतं, आणि बोलणारी माणसं दुष्ट नसतात. शिक्षण नसतं तर ही माणसं पुढे आली असती का, असं त्यांना मनापासून वाटतं. मीही सिस्टरांच्या शाळेत शिकले, आणि त्यांच्याबद्दलची कृतज्ञता माझ्यात आहे. पण मी दर संध्याकाळी घरी जायचे. सिस्टरांना आवडो न आवडो, घरी माझी आजी सामवेदीत, आमच्या वसईच्या बोलीत, बोलायची, मी सामवेदीत उत्तर द्यायचे. माझ्या आईला मला शाळेतून काढायचं असतं तर तिला पोलिसांची भीती नव्हती. या तीन गोष्टी काढून घेतल्या तर शाळेतून काय उरतं, ते कॅनडात दिसलं. कॅमलूप्सला शिकलेले जॉर्ज मॅन्युएल पुढे राष्ट्रीय पातळीवरचे आदिवासी नेते झाले, १९७५ मध्ये जगभरच्या मूलनिवासींची परिषद त्यांनी उभी केली. शाळेची आठवण सांगताना त्यांनी भूक सांगितली. माणूस मोठा झाला, म्हणून ती भूक खोटी ठरत नाही. आणि प्रत्येक मॅन्युएलमागे किती मुलं त्याच पंगतीत उपाशी बसली होती, ज्यांचं पुढे काहीच नाव झालं नाही? तीदेखील माजी विद्यार्थीच. घर चालवलेली, मासे पकडलेली, लवकर गेलेली, पोरांवर हात उचललेली, देवाला दूषणं दिलेली किंवा शेवटपर्यंत रोजरी धरून बसलेली माणसं. आठवणीत जागा मिळण्यासाठी काही कर्तबगारी दाखवावी लागत नाही. चर्च तर हेच शिकवतं.

आता हक्काच्या मुद्द्याकडे येते, कारण इथे माझ्यासारख्या नोंदवहीवर प्रेम असणाऱ्यांची अडचण होते. २००७ पासूनच्या भरपाईच्या प्रक्रियेत सुमारे ३८,००० माजी विद्यार्थ्यांनी अर्ज केले. त्यातल्या असंख्य जणांनी आपल्यावरचे अत्याचार बंद दाराआड, शब्दन्‌शब्द सांगितले, काहींनी आयुष्यात पहिल्यांदाच. या कागदांचं काय करायचं, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये निकाल लागला: ज्याने साक्ष दिली, त्याने स्वतःहून जपा म्हटलं तरच त्याचा कागद राष्ट्रीय सत्य व सलोखा केंद्राकडे जाईल, बाकीचे ठरावीक मुदतीपर्यंत ठेवून नष्ट होतील. ही मुदत सप्टेंबर २०२७ मध्ये संपते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा जीव कासावीस झाला. एवढा पुरावा नष्ट करायचा? उद्या कुणी ‘असं काही झालंच नाही’ म्हटलं तर? पण विचार करत गेले तसं मत बदललं. ही माणसं सहा वर्षांची होती तेव्हा त्यांच्याबद्दलचा प्रत्येक निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्यांचे केस, त्यांचं नाव, त्यांची झोप, त्यांचं शरीर. आता त्यांच्या सर्वांत खाजगी दुःखाचं काय करायचं, हेही इतिहासकारांनी, सरकारने किंवा माझ्यासारख्या हितचिंतकांनी ठरवायचं? विसरलं जाण्याची इच्छा असेल, तर तीही त्यांचीच. न्यायालयाचा निर्णय मला पटतो. फक्त एक गोष्ट खटकते: आपला कागद जपता येतो, आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो, हे दूरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत खरंच पोचलं आहे का? जे गेले त्यांच्या घरच्यांपर्यंत? निवड करायची संधीच मिळाली नाही, तर ती निवड कसली. २०२७ आधी हे काम दारोदार जाऊन व्हायला हवं, त्याला पैसे हवेत, आणि त्यात चर्चने खर्च उचलावा.

पैशाचं नाव निघालं म्हणून सांगते. माजी विद्यार्थी, सरकार आणि चर्चसंस्था यांच्यात २००६ मध्ये झालेल्या तडजोडीत कॅथलिक संस्थांनी माजी विद्यार्थ्यांसाठीच्या कामांना २.५ कोटी डॉलर उभारायचं मान्य केलं होतं. उभे राहिले ४० लाखांपेक्षा कमी, आणि २०१५ मध्ये न्यायालयात त्यांची त्या जबाबदारीतून सुटका झाली. २०२१ मध्ये कॅनडाच्या बिशपांनी पाच वर्षांत ३ कोटी देण्याचं नव्याने कबूल केलं. कायद्याने सुटका झाली तरी आमच्या धर्मात कबुलीनंतर प्रायश्चित्त येतं, हे बिशपांना मी सांगायला नको.

पैशापेक्षा कागद मोठे. ओब्लेट फादर शिस्तीने रोजनिशी लिहीत. कोण आलं, कोण आजारी पडलं, कुणाला पुरलं, हे त्या पानांत कुठे ना कुठे असतं. स्नानसंस्काराच्या वह्या असतात, सिस्टरांची पत्रं असतात, रोमला पाठवलेले फोटो असतात. ओब्लेटांनी १९९१ मध्येच माफी मागितली होती. कागद पूर्ण उघडायला मात्र कॅमलूप्सची वाट पाहावी लागली. तेव्हापासून पुष्कळ दारं उघडली, हे मान्य केलं पाहिजे. पण अजूनही एखाद्या नातीला आपल्या आजीच्या भावाचा शोध घ्यायचा तर एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका धर्मसंघाकडून दुसऱ्याकडे, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये हिंडावं लागतं. मला माझ्या आजीचा भाऊ सापडला, तेव्हा काकांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली होती. मी अर्ज केला नव्हता. चर्चने तसंच वागावं: घराण्यांनी मागायची वाट न पाहता, जमातींकडे जाऊन, त्यांच्या भाषेत, ‘तुमचं हे आमच्याकडे राहिलं आहे’ असं सांगावं.

आणि तरीही त्या वह्यांत सगळं मिळणार नाही. त्यांत पीटर असेल, मेरी असेल, जोसेफ असेल. म्हणजे फादरांनी दिलेलं नाव. आईने दिलेलं नाव तिथे नाही. हा मुद्दा मला माझ्याच अंगाने कळतो. वसईत पोर्तुगीज आले १५३४ मध्ये, आणि आमची आडनावं डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज झाली. पण बोली राहिली. आजही आमची लग्नाची गाणी सामवेदीत, वाडवळीत आहेत. गोव्यात सोळाव्या शतकात आलेले इंग्रज येशूसंघी फादर स्टीफन्स तर मराठीत पुराण लिहून गेले. त्याच गोव्यात १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज धरावी, असा हुकूमही निघाला. म्हणजे चर्च आणि सत्ता यांच्या हातून भाषा वाढलीही आणि मारलीही गेली. कॅमलूप्सलाही हेच दिसतं. ओब्लेट फादर ल जून यांनी १८९१ पासून तिथून चिनूक या आदिवासी व्यापारी बोलीत, लघुलिपीत, एक वर्तमानपत्र चालवलं. लोक ते वाचायला शिकले. आणि त्याच गावात, त्याच धर्मसंघाच्या शाळेत, मुलांना आपल्या भाषेसाठी मार बसत होता. दुसरा रस्ता माहीत नव्हता, असं नाही. तो त्यांच्यातल्याच एकाने चालून दाखवला होता.

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस अल्बर्टातल्या मास्क्वाचीसला आले, तेव्हा त्यांच्यासमोर सुमारे ५० मीटर लांब लाल कापड आणलं गेलं. त्यावर ४,१२० मुलांची नावं होती. त्यांनी ते कापड चुंबलं आणि माफी मागितली. अनेकांना ती माफी अपुरी वाटली. वाईट वागलेल्या ख्रिस्ती माणसांबद्दल ते बोलले, चर्च या संस्थेबद्दल पुरेसं नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. तरी ते कापड मला त्या सगळ्या दिवसापेक्षा मोठं वाटलं. कारण त्यावर भाषण नव्हतं, नुसती नावं होती.

आपला, मराठी माणसांचा, यात काय संबंध? जून २०२१ पासून कॅनडाचं नागरिकत्व घेणाऱ्या प्रत्येकाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या आदिवासी लोकांचे हक्क मान्य करण्याचं वाक्य आहे. आयोगाने केलेल्या ९४ मागण्यांमधली ती शेवटची. टोरंटोत, ब्रॅम्प्टनमध्ये, कॅलगरीत राहणाऱ्या कितीतरी मराठी लोकांनी हात वर करून ते वाक्य म्हटलं आहे. मीही म्हटलं. आमची मुलं ३० सप्टेंबरला केशरी शर्ट घालून शाळेत जातात. १९७३ मध्ये सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅडला आजीने घेऊन दिलेला नवा केशरी शर्ट सेंट जोसेफ्स मिशनच्या शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला, त्याची ही आठवण. आपण दुकानातून शर्ट आणतो, मुलांना घालतो, फोटो काढतो. शपथ घेतली ती एवढ्यासाठी नव्हती.

आणि माझ्या माहेरच्या पालघर जिल्ह्यात, वसईपासून दोन-तीन तासांवर, आश्रमशाळा आहेत. त्यांची तुलना कॅनडाशी सरसकट करता येणार नाही. तिथे आईबापांच्या हातून मुलं हिसकावून नेत नाहीत, भाषा मारण्याचं धोरण नाही. पण घरापासून दूर ठेवलेलं आदिवासी मूल दगावतं, तेव्हा महाराष्ट्रातही चौकशीसाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. साप चावून, ताप अंगावर काढून, वेळेत दवाखान्यात न नेल्याने गेलेल्या त्या मुलांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मला एकही सांगता येत नाही. कॅनडाच्या चर्चला मी जे मागते आहे, ते मला महाराष्ट्र सरकारकडेही मागायला हवं: प्रत्येक मुलाचं नाव, आईबापाचं नाव, पाडा, कारण, आणि ती नोंद घरच्यांना दाखवणं.

इथे आमच्या वसईकरांचा एक लहानसा प्रार्थनागट आहे. दर नोव्हेंबरला आम्ही आपापल्या घरच्या मृतांची नावं कागदावर लिहून वेदीपाशी ठेवतो. यंदा त्या नावांनंतर कॅमलूप्सच्या यादीतली ५१ मुलं घ्यावीत, असं मी सुचवलं. सगळ्यांना ते पटलं नाही. आपली माणसं आपण आठवावीत, त्यांची त्यांनी, असं एका काकींचं म्हणणं पडलं. एका अर्थी ते खरंही आहे. त्या मुलांची नावं आमच्या तोंडून निघावीत की नाही, हे आम्ही कोण ठरवणार? म्हणून कॅमलूप्सच्या जमातीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आहे. तुमची मुलं आमच्या प्रार्थनेत घेतलेली चालतील का, आणि चालत असतील तर नावांचे उच्चार कसे करायचे, एवढंच त्यात विचारलं आहे. ‘हो’ आलं तर मोठ्याने वाचू, ‘नको’ आलं तर त्या दिवशी त्यांच्यासाठी गप्प राहू. एक्कावन्न नावं सावकाश वाचायला पाच मिनिटं लागतात. घरी एकटीने, मनातल्या मनात वाचून पाहिली आहेत.